नवीन बजेट प्रोजेक्टर घरी आला की पहिल्या संध्याकाळी तो कसा तपासायचा

प्रोजेक्टर आला की पहिल्या रात्री काय होतं सगळ्यांना माहीत आहे, डबा उघडला, भिंतीवर एवढं मोठं चित्र पडलं, घरातले सगळे खूश, आणि तपासायचं राहूनच जातं. चित्र मोठं असतं ना, त्या आनंदात दोष दिसतच नाहीत, ते दिसायला लागतात तीन-चार आठवड्यांनी आणि तोवर परत करायची मुदत निघून गेलेली असते. माझ्या पहिल्या प्रोजेक्टरचं हेच झालं. खालच्या डाव्या बाजूची सबटायटलची अक्षरं पुसट यायची, मी दर सिनेमाला उठून फोकसची रिंग फिरवायचो, खालची अक्षरं नीट झाली की मधले चेहरे पुसट, चेहरे नीट केले की अक्षरं पुसट. महिनाभर वाटत राहिलं की मलाच फोकस जमत नाहीये. शेवटी कळलं की लेन्सच आत तिरकी बसलेली आहे आणि तेव्हा कुणी परत घेणार नव्हतं.

तेव्हापासून नवीन प्रोजेक्टर आला, माझा असो की मित्राचा, की पहिल्या संध्याकाळी आधी तपासायचं, सिनेमा सगळ्यात शेवटी. शेवटचा सिनेमा सोडून दोन-अडीच तास लागतात. लागणारं सामान म्हणजे लॅपटॉप, एचडीएमआय केबल, मोजपट्टी आणि फोन, बस.

पायरी १ : डब्यावरचे आकडे वाचायला शिका

डब्यावर दोन आकडे मोठ्या अक्षरात असतात, ल्युमेन (उजेड किती) आणि रिझोल्यूशन (चित्रात पिक्सेल, म्हणजे ठिपके, किती), आणि स्वस्त प्रोजेक्टरमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक याच दोन आकड्यांत होते.

ल्युमेनच्या आधी ‘अ‍ॅन्सी’ किंवा ‘आयएसओ’ (उजेड मोजायच्या ठरलेल्या पद्धती) हा शब्द आहे का बघा. अ‍ॅन्सी ल्युमेन म्हणजे पडद्यावर पडलेल्या चित्राचे नऊ सारखे भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि त्यावरून एकूण प्रकाश काढायचा, म्हणजे लेन्समधून खरोखर जेवढा बाहेर आला तेवढाच. नुसतं ‘९००० ल्युमेन’ लिहिलेलं असेल तर तो आकडा कुठून आला हे कुणीच सांगू शकत नाही, फार तर आतल्या एलईडीचा असेल. आणि एलईडीचा उजेड बाहेर येईपर्यंत किती शिल्लक राहतो ते बघा. बहुतेक स्वस्त प्रोजेक्टरमध्ये आत एकच एलसीडी पॅनल (ज्यावर चित्र तयार होतं ती काच) असतं. प्रकाश आधी पोलरायझरमधून (फक्त एका दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी फिल्म) जातो, तिथे निम्म्याहून जास्त जातो. मग प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा, निळा असे फिल्टर, प्रत्येक फिल्टर आपला एक रंग सोडतो आणि बाकीचे अडवतो, म्हणजे उरलेल्यातला अजून साधारण दोन तृतीयांश गेला. वर लेन्स, काच, आरसा यांचं नुकसान वेगळंच. एलईडी ६००० ल्युमेनचा असला तरी भिंतीपर्यंत काहीशे पोचले तर नशीब समजा. म्हणून मी अ‍ॅडॉप्टरवरचे वॉट बघतो. ६०-७० वॉटचा एक-पॅनलवाला एलसीडी प्रोजेक्टर हजारो ल्युमेन देऊच शकत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

रिझोल्यूशनमध्ये ‘सपोर्ट’ हा शब्द शोधा. ‘१०८०पी सपोर्ट’ किंवा ‘४के सपोर्ट’ म्हणजे एवढंच की तो सिग्नल घेतो, दाखवतो मात्र आपल्या पॅनलच्या कुवतीनुसार. खरा आकडा ‘नेटिव्ह’ शब्दापुढचा. १९२० बाय १०८० (यालाच १०८०पी म्हणतात) म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १२८० बाय ७२० म्हणजे ९.२ लाख आणि ८५४ बाय ४८० म्हणजे जेमतेम ४.१ लाख. ‘एचडीआर सपोर्ट’चंही (एचडीआर म्हणजे जास्त उजळ-गडद छटांचं चित्र) तेच आहे, या उजेडाच्या मशीनवर एचडीआर लावलं तर उलट चित्र काळवंडतं, ते बंदच ठेवा. कॉन्ट्रास्टचा जो हजारांतला आकडा असतो तो तर सोडूनच द्या, त्यावरून काही कळत नाही.

पायरी २ : आधी नीट मांडा, मग दोष काढा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं तपासणं वाया जातं.

प्रोजेक्टर भिंतीच्या अगदी समोर, सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करायचा मोह होतो, आणि आजकालचे प्रोजेक्टर चालू झाल्याझाल्या ते आपणहूनच करतात. ते बंद करा, कीस्टोन शून्यावर आणा. कीस्टोनमध्ये लेन्स काही हलत नाही, पॅनलवरचं चित्रच आत आकसलं जातं, म्हणजे पिक्सेलही गेले, उजेडही गेला, आणि भोवती राखाडी पट्टा उरतो तो वेगळा. रोजच्या वापरात थोडंफार कीस्टोन लागलं तर लागू दे पण तपासताना शून्य. डिजिटल झूमही १०० टक्क्यांवर.

चित्राचा आकार तुम्ही रोज बघणार तोच ठेवा. ८० इंची चित्र म्हणजे १७७ सेंटीमीटर रुंद आणि १०० सेंटीमीटर उंच, १०० इंची म्हणजे २२१ बाय १२५. किती लांब ठेवायचा ते थ्रो रेशोवरून (अंतर आणि रुंदी यांचं प्रमाण) कळतं, चित्राची रुंदी गुणिले थ्रो रेशो. रेशो १.२ असेल तर १०० इंचासाठी २२१ गुणिले १.२, म्हणजे साधारण २ मीटर ६५ सेंटीमीटर.

चालू करून अर्धा तास तसाच राहू द्या. प्लॅस्टिकची लेन्स आणि आतलं सगळं तापलं की फोकस थोडा सरकतो, थंड असताना केलेला फोकस अर्ध्या तासाने पुसट होतो आणि लोक म्हणतात मशीन खराब आहे. आणि पिक्चर मोड ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ असेल तर काढून ‘मूव्ही’ किंवा ‘स्टँडर्ड’ करा, शार्पनेस बराच खाली आणा. दुकानात डोळ्यांत भरावं म्हणून ते मोड निळसर आणि भडक केलेले असतात.

एक महत्त्वाचं, घरात लहान मुलं असतील तर लेन्समध्ये डोळा लावून बघू नका हे आधीच सांगा. आणि हवेच्या जाळ्यांसमोर भिंत, पडदा, उशी काही नको.

पायरी ३ : चाचणीची चित्रं बनवा

लॅपटॉपवर कुठल्याही चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर १९२० बाय १०८० ची काही चित्रं बनवा. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं, मधला राखाडी. एक बुद्धिबळाच्या पटासारखं, ४ बाय ४ असे १६ चौकोन. एकात एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेषा. आणि एक, जे मला सगळ्यात कामाचं वाटतं, काळ्या पार्श्वभूमीवर लहान पांढरी अक्षरं, चारही कोपऱ्यांत, चारही कडांच्या मध्यावर आणि मध्ये, मजकूर सगळीकडे तोच.

लॅपटॉपचं आउटपुट १९२० बाय १०८० वर ठेवून एचडीएमआयनेच लावा. पेनड्राइव्हवरून प्रोजेक्टरच्या फोटो अ‍ॅपमध्ये उघडू नका, बऱ्याच मशीनमध्ये मेनू आणि फोटो कमी रिझोल्यूशनवर चालतात आणि व्हिडिओ वेगळ्या, म्हणजे तुम्ही पॅनलला नावं ठेवाल आणि चूक अ‍ॅपची असेल.

पायरी ४ : फोकस, इथे घाई नको

अक्षरांचं चित्र लावा. मधली अक्षरं एकदम स्वच्छ होईपर्यंत फोकस करा, ऑटोफोकस असला तरी शेवटचं हाताने करून बघा कारण ऑटोफोकस बऱ्याचदा एक घर आधीच थांबतो. आता रिमोट खाली ठेवा, भिंतीजवळ जा आणि एकेका कोपऱ्यातली अक्षरं वाचा.

चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर ती स्वस्त लेन्सची मर्यादा आहे, ती स्वीकारायची. तुम्ही बसता तिथून अक्षरं वाचता आली की झालं. पण एकच बाजू किंवा एकच कोपरा पुसट आणि समोरचा कोपरा स्वच्छ असेल तर आधी प्रोजेक्टर खरंच सरळ आहे का ते मोजपट्टीने बघा, चित्राची डावी आणि उजवी उंची मोजा, वरची आणि खालची रुंदी मोजा. जोड्या जुळल्या आणि तरीही एक बाजू पुसट, तर लेन्स किंवा पॅनल आत तिरकं बसलंय. हा दोष सेटिंगने जात नाही, माझ्यावर विश्वास ठेवा, महिनाभर प्रयत्न केलाय. परत करा.

मग अक्षरांच्या कडांना लाल किंवा निळसर झालर दिसते का बघा. कोपऱ्यात जवळून बारीक दिसणारच, पण बसायच्या जागेवरून सबटायटलला रंगीत कडा दिसली तर मी तरी तो प्रोजेक्टर ठेवणार नाही, कारण सिनेमाभर नजर तिथेच जाते.

पायरी ५ : पिक्सेल खरंच मोजा

हे ऐकायला विचित्र वाटतं पण पाच मिनिटांचं काम आहे. ८० इंची चित्रात भिंतीजवळ जाऊन एक सेंटीमीटरमध्ये किती पिक्सेल मावतात ते बघा. खरा १०८०पी असेल तर साधारण ११, ७२०पी असेल तर ७ आणि ४८०पी असेल तर ५ च्याही आत. मोजपट्टी भिंतीला लावून चौकोन मोजायचे, कुणाला काही विचारायची गरजच नाही. एलसीडीमध्ये पिक्सेलमधल्या काळ्या रेषांमुळे हे अगदी सोपं जातं.

मग एक-पिक्सेल रेषांचं चित्र लावा. रेषा सुट्या सुट्या दिसल्या तर छान. सगळं राखाडी झालं किंवा लाटांसारखे पट्टे आले तर पॅनल लहान आहे किंवा मध्ये कुठेतरी चित्र लहानमोठं होतंय. आधी कीस्टोन, झूम, ओव्हरस्कॅन (कडा कापून चित्र मोठं करणं) परत एकदा बघा, ते ठीक असेल आणि डब्यावर नेटिव्ह १०८०पी लिहिलेलं असेल तर तो आकडा खोटा. चित्र सरकवून जास्त पिक्सेल दाखवणाऱ्या महागड्या मशीनना ही चाचणी तशीच लागू होत नाही, पण बजेटमध्ये ती फारशी नसतात.

पायरी ६ : उजेड मोजा

फोनच्या पुढच्या बाजूला वर एक लाइट सेन्सर असतो, अँड्रॉइडमध्ये लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) मोजायचं अ‍ॅप टाकलं की तो आकडा दाखवतो. खोली पूर्ण अंधारी करा, पांढरं चित्र लावा, चित्राचे मनातल्या मनात तीन बाय तीन असे नऊ भाग करा आणि प्रत्येकाच्या मध्यावर फोनची पाठ भिंतीला टेकवून, स्क्रीन प्रोजेक्टरकडे करून आकडा घ्या. तुमची स्वतःची सावली सेन्सरवर पडू देऊ नका, बाजूला उभे राहून हात लांब करा, आणि फोनची ब्राइटनेस अगदी कमी ठेवा. मग लेन्स झाकून खोलीतला उरलेला उजेड मोजा आणि तो वजा करा.

समजा सरासरी ११० लक्स आली आणि चित्र ८० इंची आहे. क्षेत्रफळ १.७७ चौरस मीटर. ११० गुणिले १.७७, साधारण १९५ ल्युमेन. हा तुमच्या मशीनचा खरा आकडा. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नाही, त्यामुळे १९५ म्हणजे बरोबर १९५ असं धरू नका, पण डब्यावर ९००० लिहिलेलं असताना १९५ आले तर काय ते कळतं.

आता हे पुरेसं आहे का? डिजिटल सिनेमा थिएटरचं प्रमाण ४८ निट (पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप) आहे. पांढऱ्या मॅट पृष्ठभागावर लक्सला ३.१४ ने भागलं की साधारण निट मिळतात, म्हणजे ११० लक्सचे ३५ निट. थिएटरपेक्षा कमी, पण पूर्ण अंधारात डोळे सरावले की ३५ निटवर सिनेमा छान बघता येतो, मी बघतो. ४८ निट हवे असतील तर ८० इंचाला सुमारे २७० ल्युमेन लागतात, १०० इंचाला ४१५, १२० इंचाला ६००. आकार वाढवला की उजेड झपाट्याने पातळ होतो, रुंदी दुप्पट केली तर चौथा भाग उरतो. म्हणून चित्र फिकं वाटलं तर मशीनला दोष द्यायच्या आधी ते १०० वरून ८० इंचांवर आणून बघा, बऱ्याच जणांचा प्रश्न तिथेच सुटतो.

नऊ आकड्यांतून अजून एक कळतं, मध्य आणि कोपरे यांतला फरक. इथे फोनच्या अचूकतेचा प्रश्न येत नाही कारण सगळे आकडे त्याच फोनचे. कोपरे मध्याच्या ६०-७० टक्के असले तर सिनेमात जाणवत नाही, निम्म्याखाली गेले की चित्र बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं. आणि एकच कोपरा काळवंडलेला असेल तर ते मर्यादेत बसत नाही, तो दोष.

पायरी ७ : काळा रंग आणि अंधारातली दृश्यं

बजेट प्रोजेक्टरची खरी परीक्षा इथे होते आणि बहुतेक लोक उजळ, रंगीत व्हिडिओ लावून बघतात, त्यात कुठलंही मशीन चांगलंच दिसतं.

अंधारात दहा-पंधरा मिनिटं बसा, मग पूर्ण काळं चित्र लावा. भिंत राखाडी दिसेल, प्रोजेक्टरला खरा काळा टाकताच येत नाही, पॅनलमधून थोडा उजेड गळतोच. प्रश्न एवढाच की तो राखाडी सगळीकडे सारखा आहे का, की एका कोपऱ्यात निळसर किंवा जांभळट डाग आहे. याच काळ्या चित्रावर फोकसची रिंग थोडी फिरवून बघा, धुरकट ठिपके असतील आणि फोकस फिरवल्यावर ते लहानमोठे होत असतील तर आत धूळ आहे. नव्या मशीनमध्ये धूळ म्हणजे आतला भाग नीट बंद केलेला नाही, पुढे ती वाढतच जाणार.

मग १६ चौकोनांचं चित्र. काळे चौकोन पांढऱ्यांच्या शेजारी किती काळे वाटतात? इथे खोलीचाही हात असतो, पांढरं छत आणि उजळ भिंती उजेड परत पडद्यावर फेकतात, त्यामुळे मशीन तेच असून गडद पडदे ओढलेल्या खोलीत काळा जास्त काळा वाटतो.

शेवटी एखाद्या सिनेमातलं रात्रीचं दृश्य, जे तुम्ही चांगल्या टीव्हीवर आधी बघितलेलं आहे. काळ्या कोटाच्या घड्या दिसतात का, केस आणि मागचा अंधार वेगळे कळतात का? सगळं एकच काळं ढेकूळ झालं, किंवा उलट सगळं धुक्यात असल्यासारखं दिसलं, तर लगेच मशीनला बोल लावू नका. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरमध्ये एचडीएमआय रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आकड्यांची मर्यादा) जुळत नसेल, एक ‘फुल’ आणि दुसरा ‘लिमिटेड’, तर हेच होतं. दोन्हीकडे सारखं करा, मग ब्राइटनेस थोडी वर-खाली करा, आणि मग मत बनवा.

पायरी ८ : रंग, हालचाल

लाल, हिरवा, निळा, पांढरा एकेक लावून मेलेले पिक्सेल बघा, मध्यभागी एखादा असला तरी सिनेमात तो खुपतो. राखाडी चित्रात एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट छटा नको. रंगांचा न्याय चेहऱ्यावर करा, फुलं आणि पक्ष्यांच्या डेमो व्हिडिओवर नाही, चेहऱ्याचा रंग चुकला की आपल्याला चटकन कळतं. आणि फोनने काढलेल्या फोटोवरून काही ठरवू नका, फोन आपल्या मनाने उजेड वाढवतो, मग फोटोत सगळेच प्रोजेक्टर झकास दिसतात.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि बहुतेक प्रोजेक्टर ६० वर चालतात, त्यामुळे एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवली जाते आणि कॅमेरा आडवा सरकला की बारीक हिसके दिसतात. शेवटची नामावली वर सरकताना हे सगळ्यात जास्त दिसतं. लॅपटॉपचं आउटपुट २४ वर जातं का करून बघा.

डीएलपी (बारीक आरशांनी चित्र बनवणारा) प्रोजेक्टर असेल तर काळ्यावर पांढरी अक्षरं लावून नजर झटकन डावीकडून उजवीकडे न्या. त्यात रंग एकामागोमाग एक टाकले जातात, त्यामुळे काहींना क्षणभर इंद्रधनुष्यासारख्या रेघा दिसतात, काहींना आयुष्यात दिसत नाहीत. घरातल्या प्रत्येकाला बघायला सांगा, एकालाही त्रास होत असेल तर एलसीडी घ्या.

पायरी ९ : आवाज आणि अ‍ॅप

पंख्याचा आवाज मशीनशेजारी नाही, तुमच्या बसायच्या जागेवरून ऐका, दोन माणसं हळू बोलत आहेत अशा दृश्यात. सलग घरघर कान विसरून जातात, पण बारीक शिट्टीसारखा आवाज किंवा कमीजास्त होणारा पंखा शेवटपर्यंत त्रास देतो. इको मोडमध्ये आवाज किती कमी होतो आणि उजेड किती जातो, दोन्ही एकदा मोजून ठेवा. आतला स्पीकर फक्त आहे म्हणायला असतो. ब्लूटूथ स्पीकर लावलात तर ओठ आणि आवाज जुळतात का बघा, जुळत नसतील तर वायर लावा.

अ‍ॅपचं एक नीट समजून घ्या. नेटफ्लिक्ससारख्या सेवा मान्यता नसलेल्या उपकरणावर एकतर चालतच नाहीत किंवा ४८०पी वरच चालतात, म्हणजे १०८०पी चं पॅनल असून चित्र पुसट. फोनवरून स्क्रीन मिररिंग केलं तर अनेकदा आवाज येतो आणि चित्र काळं, ते कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या संरक्षणामुळे, मशीन बिघडलेलं नसतं. एचडीएमआयमध्ये लागणारी मान्यताप्राप्त स्ट्रीमिंग स्टिक हा सगळ्यात बिनत्रासाचा मार्ग, त्यामुळे आतलं सॉफ्टवेअर चांगलं नाही म्हणून मी प्रोजेक्टर नाकारत नाही, लेन्स आणि पॅनल चांगलं असलं की झालं.

पायरी १० : आता दोन तास चालवा

आता सिनेमा लावा, पूर्ण बघा. संपल्यावर परत अक्षरांचं चित्र लावून फोकस तिथेच आहे का बघा, परत मधला लक्स मोजा. दहा-पंधरा टक्के कमी झाला तर समजू शकतो, पण एक तृतीयांश गेला असेल तर मशीन तापून उजेड खाली आणतंय. पांढऱ्या चित्रात कुठे पिवळट डाग आलाय का तेही बघा, स्वस्त एलसीडीमध्ये उष्णतेने आधी पोलरायझर जातो आणि त्याची सुरुवात अशी डागांनीच होते.

आज घेतलेले नऊ लक्सचे आकडे, चित्राचा आकार, मोड आणि तारीख फोनमध्ये लिहून ठेवा आणि पांढऱ्या चित्राचा एक फोटो त्याच्यासोबत, उजेडासाठी नाही तर डाग कुठे नव्हते ते कळावं म्हणून. सहा महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच फोनने परत मोजा. आकडे बरेच उतरले असतील तर आधी हवेचा फिल्टर काढून साफ करा, लेन्स मऊ कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा आणि पुन्हा मोजा, आणि तरीही फरक पडला नाही तर वॉरंटी संपायच्या आत हेच आकडे दाखवून तक्रार करा.